वस्तऱ्यावर देखरेख कोणाची?

वऱ्हाडात ज्याला म्हाली म्हणत, त्या न्हाव्याच्या कसबाची परीक्षा सरकारने घेतली नाही. बलुत्याच्या काळी देखरेख गावाचीच. सुगीला धान्य मिळे आणि प्रसंगी चार शिव्याही.

पण धंद्याने स्वतःच स्वतःवर घातलेले बंधन आम्हां कामगार चळवळीतील माणसांना अधिक मोलाचे वाटते. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि विधवांचे केशवपन करणार नाही, असे त्यांनी ठरविले. वस्तरा कोठे थांबावा हे कोणा इन्स्पेक्टराने सांगितले नव्हते. 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभारणाऱ्या माणसाने हे घडवावे, याचे आम्हांस नवल नाही.

अमेरिकेत मिनेसोटा राज्याने 1897 साली न्हाव्यांना परवाना सक्तीचा केला. आमच्याकडे कायदा शिरला तो दुकानाच्या दारातून. यवतमाळ मध्यप्रांत-वऱ्हाडात असताना 1947 चा दुकानांचा कायदा झाला. पुढे मुंबईचा 1948 चा लागू झाला. त्याने कामाचे तास, साप्ताहिक सुटी, जागेची स्वच्छता पाहिली. हात पाहिला नाही. त्या कागदाला लोक गुमास्ता म्हणत. 2017 च्या कायद्याने दहांहून कमी नोकरांच्या दुकानाला नुसती सूचना पुरेशी ठरविली. एका खुर्चीच्या कारागिराची कटकट गेली खरी. पण त्याच्याकडे उमेदवारी करणाऱ्या पोराची सुटीही त्याबरोबर कायद्यातून गेली.

2020 च्या टाळेबंदीत दुकाने बंद झाली. 28 जूनला ती उघडली, तीही केस कापण्यापुरती, दाढीला मनाई. परवाना न देणारे सरकार वस्तरा मात्र म्यानात ठेवू शकले. बुडालेली तीन महिन्यांची कमाई कोणी भरून द्यायची, हे त्या हुकुमात नव्हते.