औद्योगिक शिवणयंत्र : सुरतेतील मांडणी व वापर

औद्योगिक शिवणयंत्र : एकाच प्रकारची टीप दिवसभर, वेगाने आणि सारख्या अंतराने घालण्यासाठी बनवलेले, स्वतंत्र मोटरवर चालणारे शिवणयंत्र. घरगुती यंत्रात सरळ टीप, झिगझॅग, काज असे सारे थोडे थोडे असते. औद्योगिक यंत्र एकच काम करते आणि मिनिटाला चार ते पाच हजार टाके घालते. सरळ टिपेच्या एकसुई यंत्राला सरसकट ‘जुकी’ म्हणतात, मग त्यावर नाव कोणत्याही कंपनीचे असो. जुकी ही टोकियोत स्थापन झालेली कंपनी. तिच्या डीडीएल मालिकेची घडण पुढे अनेक उत्पादकांनी उचलली. या नोंदीत मुख्यतः याच यंत्राची मांडणी आणि वापर दिला आहे, आणि तोही सुरतेच्या कापडाच्या अंगाने. कारण तिथले झुळझुळीत कृत्रिम कापड जुळवणीतली लहानशी चूकही लपू देत नाही.

सुरतेतील स्थान : सुरत हे मुळात कापडाचे शहर आहे, तयार कपड्यांचे नंतर. यंत्रमागांवर निघालेले कोरे कापड, म्हणजे ‘ग्रे’, पांडेसरा, सचिन, पलसाणा येथील मिलमध्ये रंगते, छापले जाते आणि रिंग रोडवरच्या बाजारांतून साड्या व ड्रेस मटेरियल म्हणून देशभर जाते. ताक्यातून साडी कापली की घडी होण्याआधी तिला शिलाईचा टप्पा असतो : काठाला लेसपट्टी, खाली फॉल, पदराला झालर. तिरुप्पूरला किंवा बेंगळुरूला शेकडो यंत्रांच्या रांगा एका छपराखाली असतात, तसे या कामाचे नाही. ते बहुतांशी दोन-चार यंत्रांच्या खोलीत किंवा थेट घरात होते. लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा या भागांत नंदुरबार, धुळे, जळगाव जिल्ह्यांतून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. खानदेशातून येणारी तापी खोऱ्याची रेल्वे उधन्यालाच मुख्य मार्गाला मिळते, आणि महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत मराठी माध्यमही आहे. पुरुष मागावर, मिलमध्ये किंवा बाजारात आणि घरची बाई यंत्रावर, अशी कामाची वाटणी या वस्त्यांत पुष्कळदा दिसते.

मजुरी नगावर मिळते. यंत्र तासभर अडले तर त्या तासाचे पैसे बुडतात. साडीला तेलाचा डाग पडला किंवा टिपेला चुण्या आल्या तर माल डागी ठरतो आणि त्याची तोशीस शिवणाऱ्यालाच लागते. मोठ्या कारखान्यात जुळवणीला पगारी मेकॅनिक असतो, घरी त्याची वाट पाहत बसावे लागते. म्हणून यंत्र मांडणे, तेल घालणे, सुई-हुकाची वेळ ओळखणे ही विद्या यंत्रावर बसणाऱ्याच्या हातात असायला हवी. शिलाईच्या वर्गांत कटिंगला महिने दिले जातात आणि यंत्राच्या पोटात काय आहे हे एका दुपारी उरकले जाते, हा क्रम उलटा आहे.

टाका कसा पडतो : अमेरिकेत एलियास हाऊ याने १८४६ मध्ये टोकाशी छिद्र असलेली सुई आणि खालून येणारा दुसरा दोरा यांचा मेळ घालून पेटंट घेतले, १८५१ मध्ये आयझॅक सिंगरने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. आजच्या औद्योगिक यंत्राचा खरा पाया मात्र ॲलन विल्सनचा. गोल फिरणारा हूक आणि चार हालचालींत कापड सरकवणारे दाते या दोन्ही कल्पना त्याने १८५०च्या दशकाच्या पूर्वार्धात मांडल्या, आणि त्या जवळजवळ तशाच टिकल्या आहेत.

सुई कापडातून तळापर्यंत जाते आणि किंचित वर येऊ लागते. त्या क्षणी छिद्राशेजारी दोऱ्याचा लहानसा फुगा धरतो. हुकाचे टोक त्या फुग्यात शिरते, वरचा दोरा बॉबीनच्या डबीभोवती फिरवून आणते, वरची दोराखेच दांडी तो ओढून घेते आणि दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या जाडीत अडकते. मग दाते प्लेटच्या वर येतात, कापड पुढे ढकलतात, खाली बसतात, मागे जातात. आयएसओ ४९१५ या प्रमाणकात या टाक्याचा क्रमांक ३०१ आहे. एका टाक्याला हूक दोन फेरे घेतो. म्हणजे मिनिटाला ५,००० टाके पडत असतील तर हूक १०,००० फेरे फिरत असतो. तेलाचा एवढा आग्रह का, ते या आकड्यावरून कळावे.

मांडणी : स्टँड सपाट फरशीवर चारही पाय टेकतील असे उभे करावे, एक पाय अधांतरी राहिला तर वेगात सारे टेबल थरथरते आणि टाक्याची लांबी कमीजास्त होते. टेबलाची उंची साधारण ७५ सेंटीमीटर, पण बसणाऱ्याच्या कोपराला जुळेल अशी. फळीच्या खाचेत तेलाची परात आणि कोपऱ्यांवर रबरी बैठका बसवून त्यांवर बिजागरीने यंत्राचे डोके ठेवतात. ते जड असते. एकट्याने उचलू नये, आणि चाक धरून तर कधीच नाही. दोऱ्याच्या स्टँडची वरची कडी रिळाच्या बरोबर मध्यावर यावी; ती तिरकी असली की दोरा अडखळत येतो आणि त्याचा दोष विनाकारण टेन्शनला दिला जातो.

मोटर दोन प्रकारची असते. जुनी क्लच मोटर बटण दाबल्यापासून अखंड फिरत राहते, पायडल फक्त तिची चकती जोडते-सोडते. यंत्र थांबलेले असतानाही ती वीज खाते, आणि बटण बंद केल्यावरही काही वेळ फिरत असते. नवी सर्व्हो मोटर पायडल दाबल्यावरच फिरते. साधारणतः ५५० वॉटची असते आणि तिच्यावर कमाल वेग ठरवून ठेवता येतो. घरगुती वीजजोडणीवर, तासन्तास थांबत-चालत होणाऱ्या लेसच्या कामाला सर्व्होच घ्यावी. क्लच मोटर असेल तर पुलीचा हिशेब करावा लागतो : मोटरचे फेरे गुणिले मोटरच्या पुलीचा व्यास, भागिले यंत्राच्या पुलीचा व्यास. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर २,८५० फेऱ्यांची मोटर, १०० मिलिमीटरची पुली आणि यंत्राची पुली ७० मिलिमीटरची असेल तर मिनिटाला सुमारे ४,०७० टाके पडतात. परदेशातून ६० हर्ट्झच्या हिशेबाची पुली आली असेल तर वेग कमी भरतो. पट्टा मध्यावर बोटाने हलके दाबला की सुमारे दीड सेंटीमीटर खाली जावा. चाक शिवणाऱ्याच्या दिशेने फिरले पाहिजे. पहिल्यांदा बटण दाबताना सुईत दोरा ठेवू नये. चाक उलटे फिरले तर दोरा हुकात गुंडाळला जातो.

अर्थिंग नसलेल्या जोडणीवर हे यंत्र चालवू नये. लिंबायत भागात पावसाळ्यात मिठी खाडीचे पाणी घरांत शिरते, आणि टेबलाखाली टांगलेली मोटर व कंट्रोल बॉक्स त्या पाण्याला सगळ्यांत आधी सापडतात. भिजलेली मोटर वरून पुसून सुरू करणे जिवावर बेतू शकते. ती उघडून, वाळवून, तपासूनच जोडावी.

तेल : शिवणयंत्राचे पांढरे, पातळ तेल परातीतील वरच्या आणि खालच्या खुणांच्या मध्ये असावे. खोबरेल किंवा गाडीचे तेल घातले तर ते घट्ट होऊन वाती आणि नळ्या चोंदवते. यंत्र चालू असताना वरच्या काचेच्या खिडकीत तेल उडताना दिसले पाहिजे. नवे किंवा बराच काळ बंद राहिलेले यंत्र सुरुवातीला मिनिटाला ३,००० ते ३,५०० टाक्यांवरच चालवून मोकळे करावे. हुकाला मिळणारे तेल स्वतंत्र स्क्रूने कमीजास्त होते. तपासायची रीत सोपी आहे : यंत्र दोन-तीन मिनिटे रिकामे चालवून हुकाजवळ पाच सेकंद कोरा कागद धरावा. त्यावर बारीक रेघ उमटली तर ठीक. ठिपके उडाले तर तेच ठिपके उद्या साडीवर असतील. पांढऱ्या, फिक्या मालाआधी हा कागद दर वेळी धरावा.

सुई, दोरा, ताण : या यंत्राची सुई डीबी × १ जातीची, गोल दांड्याची असते. घरगुती सुईच्या दांड्याची एक बाजू सपाट असते; ती इथे बसवू नये. गोल दांडा कसाही बसतो, म्हणून नजर लागते : लांब खोबण शिवणाऱ्याच्या डाव्या हाताला, छिद्रामागची खोलगट बाजू उजवीकडे, हुकाकडे. सुई वरपर्यंत टेकवून स्क्रू आवळावा आणि दोरा डावीकडून उजवीकडे ओवावा. जॉर्जेट-शिफॉनला ९ ते ११ नंबर, जरीच्या लेसला ११ ते १४, डेनिमसारख्या जाड कापडाला १६ ते १८. बॉबीन काठोकाठ भरू नये, तिचा सुमारे चार पंचमांश भाग भरला की पुरे.

ताण नेहमी खालून जुळवत वर यावे. बॉबीन घातलेली डबी दोऱ्याला धरून लटकवावी. ती स्थिर राहावी आणि हलका झटका दिला की थोडीशी खाली यावी. धाडकन उतरली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. मग त्याच मालाच्या तुकड्यावर वरचा ताण लावावा. खाली दोरा फासासारखा लोंबत असेल तर चूक बहुधा वरच्या ताणात असते, हे नवशिक्याला पटायला वेळ लागतो आणि तोवर तो डबीचा स्क्रू फिरवून बिघडवतो.

हुकाची वेळ : टाका गळू लागला, दोरा सारखा तुटू लागला आणि सुई बदलूनही फरक पडला नाही, तर हूक सरकलेला असतो. सुई जोरात आपटून मोडल्यावर हे हमखास घडते. सुईदांडीवर दोन खुणा असतात. दांडी तळाला असताना वरची खूण दांडीच्या बुशच्या खालच्या कडेशी यावी. चाक पुढे फिरवून खालची खूण त्याच कडेशी आली की हुकाचे टोक सुईच्या बरोबर मध्यावर असावे. टोक आणि सुई यांत ०.०४ ते ०.१ मिलिमीटरचे अंतर राहते, म्हणजे जेमतेम कागदाएवढे. हे काम मोटर बंद करून, चाक हाताने फिरवतच करावे.

सुरती कापडाची जुळवणी : पॉलिएस्टर सुमारे २५५ ते २६० अंश सेल्सिअसला वितळते. पूर्ण वेगात सलग लांब टीप घालताना घर्षणाने सुई २०० अंशांपलीकडे जाऊ शकते, आणि थांबल्या क्षणी सर्वांत जास्त चटका देते. तिथे कापडाला पडलेल्या छिद्राच्या कडा कडक होतात, वितळलेला कण सुईला चिकटतो आणि पुढचा दोरा तोडतो. उपाय म्हणजे वेग तीन हजारांच्या आसपास आणणे, बारीक सुई आणि लवकर बदलणे. जरीच्या लेसमध्ये आज धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या पातळ पट्ट्यांचा धागा असतो; तो सुईचे टोक फार लवकर बोथट करतो. बोथट सुई जॉर्जेटचा धागा ओढते, आणि ती रेघ इस्त्रीनेही जात नाही.

पातळ कापडाला लहान भोकाची प्लेट, बारीक दाते आणि दात्यांची उंची ०.८ मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. भोक मोठे असले की सुई कापडालाच खाली ओढून नेते. लेस लावण्यात खरी अडचण वेगळीच आहे. दाते खालच्या थराला ढकलतात आणि वरून कापड दाबून धरणारा फूट वरच्या थराला अडवतो, त्यामुळे साडी जास्त सरकते आणि लेस कमी. मीटरमागे अर्धा सेंटीमीटर फरक पडला तरी साडेपाच मीटरच्या साडीत पावणेतीन सेंटीमीटर होतो, आणि काठ चुणीदार दिसतो. फूटचा दाब कमी करावा, टेफ्लॉनचा फूट लावावा, लेस ताणून न धरता सैल सोडावी आणि साडी मागून हलकी रोखावी. काम मोठे असेल तर दात्यांबरोबर सुईही पुढे सरकते असे नीडल-फीड यंत्र घ्यावे.

चालवणे : दोन्ही दोऱ्यांची टोके फूटखालून आठ-दहा सेंटीमीटर मागे ओढून धरावीत, सुई हाताने कापडात उतरवावी, मग पाय द्यावा. पुढच्या पायाने वेग, टाचेने थांबा. स्वयंचलित यंत्रात टाच दाबली की दोराही कापला जातो. गुडघ्याच्या दांडीने फूट उचलायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी, म्हणजे दोन्ही हात मालावर राहतात. सुरुवातीला व शेवटी तीन-चार टाके उलटे. अडीच मिलिमीटरचा टाका आणि ४,००० चा वेग धरला तर यंत्र मिनिटाला दहा मीटर शिवते, म्हणजे साडीचा एक काठ अर्ध्या मिनिटात. प्रत्यक्षात तो इतक्यात होत नाही, कारण वेळ सरकवण्यात, वळवण्यात, घडी उलगडण्यात जातो. मिळकत वाढवायची तर माल डावीकडे कोणत्या उंचीवर ठेवला आहे आणि शिवलेली साडी कुठे उतरते याकडे आधी पाहावे, वेगाकडे नंतर. बोटरक्षक आणि पट्ट्याचे झाकण काढून काम करण्याची प्रथा सर्वत्र आहे, आणि ती वाईट आहे. चार हजारांच्या वेगात सुई बोटातून सेकंदात साठ-सत्तर वेळा जाते. ओढणी, पदर आणि मोकळे केस पट्ट्यापासून दूर बांधावेत.

जुने यंत्र घेताना : घरी काम करणारे अनेकजण पहिले यंत्र वापरलेलेच घेतात. विकणाऱ्याने लावून ठेवलेल्या जाड सुती चिंधीवरची टीप पाहू नये, आपला जॉर्जेटचा तुकडा सोबत न्यावा. सुईदांडी हाताने पुढेमागे हलवून पाहावी. खडखड लागली तर बुश झिजले आहेत. हुकाच्या टोकावरून नख फिरवावे, ओरखडा लागला तर हूक बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा. डोके मागे कलवून परातीतले तेल पाहावे : काळे, चकाकते कण असतील तर आतले भाग झिजत आहेत. शेवटी सर्वांत कमी वेगात दहा-बारा टाके घालून पाहावेत, कारण पूर्ण वेगात लपणारा गळका टाका तिथे दिसतो.