मेढ, मेख आणि हरितगृहाचा पाया

जमिनीत रोवावयाच्या आधारांसाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत : मेढ व मेख. त्यांच्या अर्थांतील भेद अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हरितगृहांच्या बळकटीचा विचार करताना उपयोगी पडतो, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

'मेढ' हा शब्द संस्कृत मेथि, प्राकृत मेढि यांपासून आला. मूळ अर्थ खळ्यातील बैल बांधण्याचा खांब. मराठीत तो दुबेळके असलेल्या, आढे पेलणाऱ्या खांबास लागला. मांडवाचा पहिला खांब ती मुहूर्तमेढ. छपराचा भार जमिनीत उतरविणे हे मेढीचे कार्य. 'मेख' हा शब्द फारसी. तंबूचा तणावा तिला बांधतात आणि वारा कापड वर उचलू पाहतो तेव्हा ती त्यास धरून ठेवते. म्हणूनच ती ओढीच्या उलट दिशेस तिरपी ठोकतात. औरंगजेब 1706 मध्ये अहमदनगरास परतला व 1707 मध्ये भिंगारनजीक छावणीतच निवर्तला. तंबूंच्या त्या फिरत्या राजधानीचा सारा डोलारा अशा मेखांवर उभा असे.

2005-06 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय फलोत्पादन अभियानानंतर जस्तलेपित नळ्यांची हरितगृहे महाराष्ट्रात बरीच पसरली. त्यांचे खांब दिसावयास मेढीसारखे. परंतु प्लॅस्टिकचे छप्पर इतके हलके की खरा प्रश्न भाराचा नसून उचलीचा आहे. ह्या भागासाठी आधारभूत वाऱ्याचा वेग सेकंदास 39 मीटर धरतात. त्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 93 किलोग्रॅम भाराइतका होतो. छपरावरील ओढ त्याच्या निम्मी मानली आणि खांबागणिक 16 चौरस मीटर छप्पर धरले, तरी प्रत्येक खांब सुमारे 740 किलोग्रॅम बळाने वर ओढला जाईल. वाऱ्याकडील पडदा उघडा राहिल्यास आतील दाबाने ही ओढ आणखी वाढते. उलट, 30 सेंटीमीटर व्यासाच्या व 60 सेंटीमीटर खोलीच्या खड्ड्यातील काँक्रीटचे वजन जेमतेम 100 किलोग्रॅम भरते. उरलेले सारे काम सभोवतालच्या मातीच्या पकडीवर सोपविलेले असते.

आणि मेख आहे ती येथेच. गोदावरी-प्रवरा खोऱ्यातील काळी जमीन उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वळिवाची वादळे येतात तीही एप्रिल-मे महिन्यांतच. म्हणजे पकड सर्वांत सैल असते तेव्हाच ओढ सर्वांत मोठी असते. मुरमापर्यंत नेलेला, तळाशी रुंद केलेला खड्डा आणि नळी काँक्रीटमधून निसटू नये म्हणून तिच्या खालच्या टोकास जोडलेली आडवी सळई, हे ह्यावरील उपाय होत. परंतु ते जमिनीखाली झाकले जात असल्याने काटकसरीची कुऱ्हाड प्रथम त्यांच्यावरच पडते. नळी जाड घेतली आणि पाया उथळ ठेवला, तर सांगाडा न मोडता समूळ उपटून निघतो, आणि अनुदानापलीकडचे कर्ज शेतकऱ्याच्या माथी राहते.

तात्पर्य, हरितगृह हे रूपाने मांडव असले तरी धर्माने तंबूच होय. त्याचा खांब रोवताना मेढीचा नव्हे, मेखेचा विचार करावयास हवा.