आसिलोमार १९७५ : विज्ञानाने स्वतःला घातलेला लगाम

१/ १९७२ साली अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ पॉल बर्ग यांनी दोन भिन्न विषाणूंचे डीएनए जोडून दाखवले. त्यांपैकी माकडांत आढळणारा एसव्ही-४० प्रयोगशाळेतील हॅमस्टरांत अर्बुदे निर्माण करीत असे. असा डीएनए माणसाच्या आतड्यातही राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूत घालण्याचा बेत सहकाऱ्यांच्या आक्षेपांनंतर बर्ग यांनी स्थगित केला.

२/ जुलै १९७४ मध्ये त्यांनी व इतर शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून अशा काही प्रयोगांना स्वेच्छेने विराम देण्याचे आवाहन केले. त्यामागे कायद्याचे बळ नव्हते; तरीही ते पाळले गेले.

३/ फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील आसिलोमार येथे सुमारे १४० जण जमले. ठरले ते असे : जेवढा धोका, तेवढा बंदोबस्त, मगच संशोधन. याच तंत्राने १९७८ मध्ये जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करवून घेण्यात यश आले.

४/ परंतु मानवी जनुकांत बदल करावा की नाही, हा नैतिक प्रश्न परिषदेने चर्चेबाहेर ठेवला होता.

५/ नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनचे हे जियानकुई यांनी भ्रूणावस्थेतच जनुके बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे घोषित केले. पुढे त्यांना ३ वर्षांचा कारावास झाला. मुलींच्या देहातील बदल मात्र कोणताही निकाल पुसू शकत नाही; आणि त्यासाठी त्यांची संमती घेणे कोणालाही शक्य नव्हते.