सात फाइली, गुणिले आठ

मामाजींच्या फ्लॉपीवरची एक फाइल मी १९९४ च्या उन्हाळ्यात गायब केली. हे त्यांना सांगायला मला २०२२ साल उजाडलं.

तेव्हा गोंदिया हा जिल्हा नव्हता. आमचा सगळा भाग भंडाऱ्यात मोडायचा, १ मे १९९९ ला वेगळा झाला. मामाजी आमगावला शिक्षक होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गोंदियाहून पॅसेंजरने त्यांच्याकडे जायचो. त्या वर्षी गेलो तर पुढच्या खोलीत, धानाच्या पोत्यांशेजारी, एक पिवळट पडलेला कीबोर्ड. नागपूरच्या एका शाळेने भंगारात काढलेलं मशीन त्यांनी उचलून आणलं होतं. वर ठळक अक्षरं: बीबीसी मायक्रो. मला वाटलं हा रेडिओ आहे.

बीबीसीने ब्रिटनमध्ये लोकांना संगणक शिकवायचा कार्यक्रम काढला आणि त्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून १९८१ मध्ये हे मशीन करून घेतलं. ३२ केबी मेमरी, २ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. तुमच्या फोनमधला साधा सेल्फी या मशीनच्या अख्ख्या मेमरीत मावणार नाही. भारतात ते आलं १९८४-८५ मध्ये, शाळांमधल्या संगणक साक्षरतेच्या 'क्लास' प्रकल्पातून. सुरुवातीला देशभरातल्या २५० शाळा निवडल्या होत्या. दहा वर्षांत पीसी आले, आणि ही मशीनं कपाटांत, मग भंगारात गेली. (जाता जाता एक गंमत. हे मशीन बनवणाऱ्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनीच पुढे एआरएम प्रोसेसरची रचना केली. १९८५ च्या एप्रिलमध्ये पहिली एआरएम चिप तपासली तीही बीबीसी मायक्रोला जोडूनच. आत्ता तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय, त्यात बहुधा तिचीच नातवंडं-पतवंडं बसली आहेत.)

मशीनसोबत एक ड्राइव्ह आणि सव्वापाच इंची दहा-बारा फ्लॉप्या होत्या. मामाजी त्यावर दोन कामं करायचे. एक, शाळेच्या प्रश्नपत्रिका. दुसरं, शब्द. धानाच्या बांध्यांवर, बाजारात, दंडारीत जे शब्द कानावर पडत ते रोमन लिपीत टाइप करून ठेवायचे. झाडीपट्टीची बोली पुस्तकात सापडत नाही, म्हणायचे. "रोमनमध्ये कसं जमतं?" असं विचारलं तर हसले. "अरे, आपल्या बोलीत 'ण' नाही, 'ळ' नाही. पाणी नाही, पानीच. इंग्रजीचा एन पुरते."

दुपारी ते झोपले की मशीन माझं.

भंगारातून आलेल्या फ्लॉप्यांमध्ये एक डिस्क एडिटर होता. तो फ्लॉपीचा कुठलाही तुकडा उचलून पडद्यावर जसाच्या तसा मांडायचा: डावीकडे आकडे, उजवीकडे अक्षरं. आणि आकडा बदलून परत लिहायचीही सोय. बारा वर्षांच्या मुलाच्या हातात असं काही द्यायचं नसतं.

आमची फ्लॉपी १०० केबीची. ४० वर्तुळं, म्हणजे ट्रॅक. प्रत्येक ट्रॅकचे १० तुकडे, म्हणजे सेक्टर. एका सेक्टरमध्ये २५६ बाइट. ४०० सेक्टरांपैकी फक्त पहिले दोन हे त्या फ्लॉपीचं सातबारा. कोणती फाइल कुठून सुरू होते, केवढी आहे, एवढंच तिथे लिहिलेलं. शून्य क्रमांकाच्या सेक्टरमध्ये नावं, एक क्रमांकाच्या सेक्टरमध्ये ठिकाणं. एका फाइलला दोन्हीकडे आठ-आठ बाइट. प्रत्येक सेक्टरमधले पहिले आठ बाइट फ्लॉपीचं नाव आणि इतर नोंदींसाठी राखलेले, उरलेल्या २४८ ला आठने भागा: ३१. म्हणून त्या फ्लॉपीवर ३१ च्या वर फाइली ठेवताच येत नव्हत्या, जागा कितीही उरली असली तरी. नाव जास्तीत जास्त सात अक्षरांचं. तारीख नाहीच. त्याऐवजी एक लहानसा आकडा, जो सूची लिहिली की एकने वाढतो आणि ९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो.

आधी मी फ्लॉपीचं नाव बदलून स्वतःचं ठेवलं. मग एका फाइलच्या नावातलं अक्षर बदललं. मग एक क्रमांकाच्या सेक्टरमधला पाचवा बाइट (मोजणी शून्यापासून) माझ्या नजरेत भरला. तिथे होतं ५६. फाइली होत्या सात. सात आठे छप्पन. मी ५६ चे ४८ केले आणि यादी मागवली. सहा फाइली! ५६ केले, पुन्हा सात. त्या दुपारी मी हे दहा वेळा केलं असेल. भोंदू बाबा रुपया गायब करतो तसं वाटत होतं, आणि रुपया खरंच हातातच होता. ४८ केले तरी फाइलचा मजकूर जागच्या जागी असायचा, तिची नोंदही असायची. फक्त मशीन सहापर्यंत मोजून थांबायचं.

मग मामी चहाला उठल्या. मी घाईघाईत स्विच बंद केलं. आकडा ४८ वरच राहिला होता.

यापुढचं मला बऱ्याच वर्षांनी कळलं. या पद्धतीत यादी उलटी असते: फ्लॉपीवर सगळ्यात पुढे असलेली फाइल वर, अगदी सुरुवातीची फाइल शेवटी. सुरुवातीची म्हणजे सेक्टर २ पासूनची, आधी साठवलेली. ती होती 'शब्द'. शेवटची नोंद दिसेनाशी झाली की मशीनच्या लेखी सेक्टर २ पासूनची जागा रिकामी. त्या आठवड्यात मामाजींनी एक प्रश्नपत्रिका साठवली. मशीनने मावेल अशी पहिली जागा शोधली आणि ती सेक्टर २ पासून लिहिली. तिची नोंद बसली बरोबर त्या लपलेल्या नोंदीच्या खोबणीत.

मामाजींना यादीत 'शब्द' दिसेना. त्यांनी तीन-चार फ्लॉप्या पालथ्या घातल्या. मग म्हणाले, "जुनी फ्लॉपी आहे, गेली असंल." मी पाटावर बसून जेवत होतो. मान वर केली नाही. त्यानंतर त्यांनी शब्द टाइप केले नाहीत.

पीसीवरही मूळ गोष्ट हीच होती, तऱ्हा वेगळी. एमएस-डॉसमध्ये फाइल पुसली की तिच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर बदलून तिथे ई५ हा बाइट लिहिला जायचा. हा ई५ आला सीपी/एम या आधीच्या प्रणालीतून. त्या काळी आयबीएमच्या आठ इंची कोऱ्या फ्लॉप्या ई५ ने भरलेल्या असत, म्हणून ई५ म्हणजे 'रिकामं' असं ठरलं. पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये पुसलेल्या फाइली परत आणणारा प्रोग्रॅम विकायला काढला. असे प्रोग्रॅम तुम्हालाच विचारायचे, पहिलं अक्षर कोणतं होतं? कारण नावातलं तेवढंच खरोखर गेलेलं असायचं. जपानी लिपीत ई५ ने सुरू होणारी खरीखुरी अक्षरं असल्यामुळे तिथे वेगळी तडजोड करावी लागली. आपण वाचलो. १९९१ च्या इस्की मानकात देवनागरीतला ई५ म्हणजे ओकाराची मात्रा, आणि मात्रेने मराठी शब्द सुरू होत नाही.

२०२१ च्या पावसाळ्यात मामाजींचं घर दुरुस्तीला निघालं आणि ती पेटी माझ्याकडे आली. फ्लॉप्यांवर बुरशी. एकेक चकती अल्कोहोलने पुसली, जुना ड्राइव्ह मिळवला आणि ग्रीझविझल नावाच्या छोट्या बोर्डने फ्लॉपीवरचे चुंबकीय ठसे जसेच्या तसे लॅपटॉपवर उतरवले. यादी पाहिली. फाइली सात. सूची-लेखनाचा आकडा ४१. माझा तो बदल त्यात धरलेलाच नव्हता, कारण एडिटर थेट सेक्टरवर लिहायचा आणि मोजणी करत नव्हता.

प्रश्नपत्रिका सेक्टर २ ते १७ मध्ये होती, सोळा सेक्टर. पुढची फाइल सुरू होत होती ३८ वर. मध्ये वीस सेक्टर कुणाच्याच नावावर नव्हते.

१८ वा सेक्टर उघडला. पहिली अक्षरं: 'velu'. पुढे रोमनमध्येच 'घरावरची मातीची कौलं'. कवेलू. 'क' आणि अ-कार प्रश्नपत्रिकेखाली गेले होते. त्याखाली मोहफूल, पऱ्हे, पुंजणे, रोवणा, सांदवाडी. प्रत्येक शब्दापुढे कुठे ऐकला, कुणी वापरला. एका शब्दापुढे माझ्या आजीचं नाव होतं. ५,१२० बाइट. या जुन्या पद्धतीत फाइल तुकड्यांत विखुरली जात नाही, सलग एका पट्ट्यात असते, म्हणूनच शेपूट एवढं धड हाती लागलं. ए पासून के च्या मध्यापर्यंतचं सगळं गेलं. बांधी गेली, बोडी गेली, दंडार गेली.

जानेवारीत प्रिंट काढून आमगावला गेलो. मामाजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. अंगणात उन्हाला बसले होते. आधी सगळं सांगून टाकलं: ४८, ५६, चहा. ते ऐकत राहिले. मग कागद घेतले, चष्मा शोधला, आजीच्या नावापाशी बराच वेळ थांबले.

"म्हणजे फ्लॉपी खराब नव्हती," म्हणाले.

"नव्हती, मामाजी."

"मी तीन फ्लॉप्या चुलीत टाकल्या होत्या तेव्हा. खराब समजून."

मला काही सुचेना. त्यांनी पहिलं पान उलटून मागची कोरी बाजू वर केली.

"कवेलूच्या आधीचे ना? लिही. मोबाइलवर लिहितोस तर मराठीतच लिही आता. अंबाडी. नंतर बांधी. बांधीचा अर्थ नीट लिही, नुसतं शेत लिहू नको."