करकंबची रात्र

पंढरपूरहून टेंभुर्णीकडे निघाले की वाटेत करकंब लागते. आषाढीच्या आगेमागे या रस्त्याने रात्रीचा प्रवास ज्यांनी केला असेल, त्यांना गाड्यांच्या रांगेत अडकून पडणे म्हणजे काय हे सांगावयास नको. पुढे सरकता येत नाही, मागे वळता येत नाही, आणि झोप आली तरी डोळा मिटून चालत नाही. अशाच एका खोळंब्यात सोबतच्या एका सहकाऱ्याने सहज म्हटले, "जनरल स्मिथही रात्रीच आला होता इथे." त्या वाक्याने पुढे बरेच दिवस आमची पाठ सोडली नाही.

स्मिथ आला तो १९ फेब्रुवारी १८१८ च्या रात्री. दुसऱ्या दिवशी सकाळी आष्टीची लढाई झाली आणि सेनापती बापू गोखले पडले. (ही आष्टी आजच्या मोहोळ तालुक्यातली, जुन्या कागदांतली गोपाळ अष्टी, बीडची नव्हे आणि १९४२ मुळे गाजलेली वर्ध्याचीही नव्हे. विद्यार्थी या तिन्हींची गल्लत हमखास करतात.) पाठ्यपुस्तकांत ही लढाई एका ओळीत संपते आणि त्या ओळीच्या आधीची रात्र तर कोठेच येत नाही. आम्हांस मात्र ती रात्र लढाईहून अधिक बोलकी वाटते.

पूर्वपीठिका थोडक्यात अशी. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीस तोंड लागले आणि १७ नोव्हेंबरला पुणे इंग्रजांच्या हाती गेले. तेव्हापासून दुसरे बाजीराव वाटेवरच होते. माहुली, पंढरपूर, तेथून उत्तरेस जुन्नरचा मुलूख, परत फिरताना १ जानेवारीस कोरेगाव, मग दक्षिणेस घटप्रभेपर्यंत आणि पुन्हा वर सोलापूर. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सातारचा किल्ला गेला आणि एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढून पेशव्यांचे राज्य बुडाल्याचे कळविले. या साऱ्या वणवणीला आपण एकच शब्द दिला आहे : पळ. आणि त्या माणसाला एकच विशेषण.

ना. सं. इनामदारांनी 'मंत्रावेगळा' लिहून या विशेषणाखाली गाडलेला माणूस वर काढण्याचा प्रयत्न केला. पण येथे बाजीरावांची वकिली करावयाची नाही. त्यांच्याबरोबर काय चालले होते, एवढेच पाहावयाचे आहे.

पळणाऱ्याजवळ ओझे नसावे, ही साधी गोष्ट. बाजीरावांबरोबर मात्र हत्ती होते, उंट होते, खजिना होता, पालख्या होत्या. फौजेबरोबर तिचा बाजार, म्हणजे वाणी, मोतद्दार, पाणके, बैलांचे तांडे, बायकापोरे. मराठीत यांना 'बुणगे' म्हणतात आणि 'बाजारबुणगे' ही तर आपण शिवीच करून टाकली आहे. पानिपतापासून प्रत्येक पराभवाचे खापर त्यांच्या माथी फुटत आले. परंतु हे बुणगे एका रात्रीत कसे चालत असतील, याचा विचार इतिहासकारांनी क्वचितच केला. लादलेला बैल तासाला कोसभर जेमतेम जातो, आणि तळाची चाल ही नेहमीच त्यातल्या सर्वांत मंद जनावराची चाल असते. मागे पाठलाग आहे हे ठाऊक असूनही ती वाढविता येत नाही. उंट बसवावा, लादावा, उठवावा, पुढच्या मुक्कामी पुन्हा उतरवावा. असे साडेतीन महिने.

आणि या ओझ्यात आणखी एक ओझे होते, सर्वांत जड. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह, वय वर्षे पंचवीस, त्यांची मातुःश्री आणि भाऊ. पेशव्यांनी त्यांना वासोट्याहून आणवून छावणीत ठेवले होते. ते धनी होते आणि कैदीही. ज्याच्या नावाने राज्य करावयाचे त्यालाच नजरेआड होऊ द्यायचे नाही, अशी ही विलक्षण अवस्था. म्हणूनच आम्हांस असे वाटते की, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात बाजीराव केवळ पळत नव्हते. मराठी राज्य त्या काळात वाटेवर होते. त्याची राजधानी रोज रात्री लादली जात होती आणि रोज नव्या माळावर उतरविली जात होती.

१९ फेब्रुवारीला स्मिथ वेळापुरास पोहोचला. पेशवे सोलापुराहून पंढरपूरच्या रोखाने येत आहेत असे कळताच, वाटेत गाठ पडेल या आशेने त्याने रात्रीच करकंबकडे कूच केले. पंचांगाचा हिशेब केला तर ही माघी पौर्णिमेच्या लगतची रात्र. एकादशी नुकतीच होऊन गेलेली, चंद्र जवळजवळ पूर्ण. भीमा ओलांडून करकंबच्या परिसरात येतो तो बातमी मिळाली की, पेशवे आदल्या संध्याकाळीच आष्टीकडे वळले. स्मिथने पायदळ मागे ठेवले आणि घोडदळ व घोड्यांवरचा तोफखाना घेऊन तो तसाच पुढे निघाला. फरक सारा येथे आहे. त्याला आपले ओझे मागे टाकता आले. बाजीरावांना टाकता येण्याजोगे काहीच नव्हते. जे होते तेच राज्य होते.

सकाळी इंग्रजी घोडदळ दिसू लागले तेव्हा पेशवे भोजनास बसले होते. त्यांनी गोखल्यांना बोल लावला आणि पालखी सोडून घोडा गाठला. गोखले थोडके स्वार घेऊन पिछाडीस उभे राहिले, ते बहुधा बुणगे निसटावेत एवढ्याचसाठी. त्यांच्या वारांत स्मिथच्याही डोक्याला तलवारीची जखम झाली. गोखले पडले आणि तळ फुटला. इंग्रजांच्या हाती लागलेल्यांची यादी त्यांच्या लेखकांनी काटेकोर दिली आहे : १२ हत्ती, ५७ उंट, काही पालख्या. बुणग्यांचा आकडा त्यात नाही.

छत्रपती आणि त्यांचे कुटुंब त्या गर्दीतून निसटले नाही. स्मिथच्या स्वाधीन झाले. त्यांच्या दृष्टीने ही सुटका होती की कैद बदलणे होते, हे ठरविणे सोपे नाही. एप्रिलमध्ये इंग्रजांनी प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसविले आणि १८३९ मध्ये त्यांनीच उतरविले.

बाजीराव पुढेही साडेतीन महिने चालत राहिले. ३ जून १८१८ रोजी अशीरगडाजवळ ते माल्कमच्या स्वाधीन झाले. मात्र करकंबच्या त्या रात्रीनंतर जे चालले होते ते राज्य नव्हते, एक बिऱ्हाड होते. सालिना आठ लाखांच्या तनख्यावर ते बिठूरला जाऊन उतरले.