धुराचे लोट

इटालियन भाषेत कॉमिक्सला ‘फुमेत्ती’ म्हणतात. फुमेत्ती म्हणजे धुराचे लहान लोट. पात्रांच्या तोंडून निघणारे संवादाचे फुगे तसे दिसतात म्हणून. मला हा शब्द फार आवडला.

गंमत म्हणजे सुरुवातीला या फुग्यांनाच तिकडे मज्जाव होता. मिलानच्या ‘कोरिएरे देला सेरा’ या दैनिकाने २७ डिसेंबर १९०८ला मुलांसाठी ‘कोरिएरे देई पिकोली’ ही पुरवणी सुरू केली. अमेरिकन चित्रमालिका घ्यायच्या, फुगे पुसायचे आणि चित्रांखाली यमक जुळवलेल्या ओळी छापायच्या. मुलांच्या हातात काहीतरी शिष्टसंमत पडावं म्हणून! (शिक्षकी पेशातल्यांना हे लगेच पटेल.) त्यातच १९१७ साली सर्जिओ तोफानोचा सिन्योर बोनाव्हेंतुरा आला. लाल कोट, ढगळ पांढरी विजार आणि गोष्टीच्या शेवटी हमखास दहा लाखांचं बक्षीस.

१९३८ मध्ये फॅसिस्ट सरकारने अमेरिकन कॉमिक्सवर बंदी घातली. मिकी माऊस तेवढा १९४२ पर्यंत तगला. युद्ध संपलं, १९४८ मध्ये ‘टेक्स’ आला. इटालियन माणसांनी रचलेला हा काउबॉय आजही निघतो.

पण खरी खडाजंगी पुढेच आहे. १९५१च्या अखेरीस कम्युनिस्ट नेत्या नील्दे योत्ती यांनी ‘रिनाशिता’ मासिकात कॉमिक्सवर कडाडून टीका केली. कॅथलिक मंडळींनाही कॉमिक्स खपत नव्हतीच. एरवी दोघांचा छत्तीसचा आकडा, इथे मात्र एकमत! योत्तींना उत्तर दिलं त्यांच्याच पक्षाच्या जान्नी रोदारीने. तो पूर्वी प्राथमिक शिक्षक होता आणि पक्षाचं मुलांचं साप्ताहिक चालवत होता. त्याची चिपोलिनो ही कांद्याची पोरगी नव्हे, पोरगा बरं का, त्याच साप्ताहिकात चित्ररूपाने आला. त्याचं म्हणणं, दोष असला तर मजकुरात, चित्रकथेत नव्हे. पक्षप्रमुख तोल्यात्तींना ते पटलं नाही. रोदारीला १९७०मध्ये अँडरसन पारितोषिक मिळालं.

योत्तीबाई १९७९ मध्ये इटलीच्या कनिष्ठ सभागृहाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी मी आठवीच्या वर्गात एका मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकातून वेताळाचं इंद्रजाल कॉमिक काढून घेतलं. वर्ष संपलं की देईन, म्हणाले होते. नंतर त्याच्या वडिलांची बदली झाली.

तो आता साठीला टेकला असेल. अंक माझ्या कपाटात आहे. या आठवड्यात पहिल्यांदा वाचला.