वास्तव विश्लेषणाचे पहिले पुस्तक : निवडीचा इतिहास आणि भाषेचा प्रश्न

कोणत्याही शास्त्राच्या अध्यापनाचा इतिहास हा पुष्कळ अंशी त्याच्या पाठ्यपुस्तकांचा इतिहास असतो. वास्तव विश्लेषणाच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. वास्तव संख्या, सीमा, सांतत्य व अभिसरण यांचा काटेकोर विचार करणारा हा विषय पदवीच्या विद्यार्थ्यास काटेकोर सिद्धतेची पहिली खरी ओळख करून देतो. कराड, सातारा, सांगली या परिसरातील महाविद्यालयांत येणारा विद्यार्थी पुष्कळदा मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेला असतो आणि ही ओळख त्याला इंग्रजी ग्रंथातून करून घ्यावी लागते. गणितावरील त्याची श्रद्धा येथे दृढ तरी होते, किंवा पाठांतराच्या आश्रयाला तरी जाते. म्हणून पहिले पुस्तक कोणते असावे, हा प्रश्न केवळ अभ्यासमंडळाच्या सोयीचा नाही. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र आहे. सबब या प्रश्नाचा विचार येथे इतिहास आणि भाषा या दोन अंगांनी केला आहे.

१. महाराष्ट्रातील या इतिहासाचा आरंभ इंग्रजी ग्रंथापासून होत नाही. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांनी कलनशास्त्रावर मराठीत पुस्तक रचले आणि त्यास 'शून्यलब्धि' हे नाव दिले. 'लब्धि' म्हणजे भागाकार. हा शब्द आपल्या जुन्या गणितग्रंथांतील आहे. दोन राशी शून्य होत असता त्यांच्या भागाकाराचे जे मूल्य मिळते ते, असा अर्थ त्या समासातून निघतो. अठराव्या शतकातील यूरोपीय गणिती विकलजाकडे याच दृष्टीने पाहत असत. कोशीने १८२१ साली आपल्या विश्लेषणाच्या पाठ्यग्रंथात सीमेच्या कल्पनेला मध्यवर्ती स्थान दिले. तथापि ती दृष्टी पाठ्यपुस्तकांत सर्वत्र रुजावयास बराच काळ जावा लागला. पारिभाषिक शब्द ज्या काळी घडतो त्या काळची समजूत तो आपल्याबरोबर वाहून आणतो, याचे 'शून्यलब्धि' हे उत्तम उदाहरण होय. मराठीत ही परंपरा अखंड राहिली असती, तर शब्द आणि समजूत यांची वाढ एकमेकांच्या सोबतीने झाली असती. परंतु उच्च शिक्षण इंग्रजीत स्थिरावले आणि हा धागा तुटला.

२. पुढचा कालखंड केंब्रिजच्या प्रभावाचा आहे. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर झाले व पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांच्या आदल्याच वर्षी, १८९८ मध्ये, त्याच परीक्षेत चौथा आलेला विद्यार्थी म्हणजे जी. एच. हार्डी. ट्रायपॉसचा भर वेगाने उदाहरणे सोडविण्याच्या कौशल्यावर होता. हार्डीने स्वतः सांगितले आहे की, जॉर्डनचा फ्रेंच भाषेतील विश्लेषणावरील ग्रंथ वाचल्यावर गणित म्हणजे काय हे आपणास प्रथम कळले. एका पाठ्यपुस्तकाने एका गणितज्ञाचे आयुष्य पालटले, असे म्हणावयास हरकत नाही. त्याच हार्डीने १९०८ साली 'ए कोर्स ऑफ प्युअर मॅथेमॅटिक्स' लिहून ती दृष्टी इंग्रजी वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपर्यंत आणली आणि १९१४ च्या आवृत्तीत डेडेकिंडच्या वास्तव संख्यांचा सिद्धांतही घातला. मात्र हा ग्रंथ शिष्यवृत्तीच्या योग्यतेच्या विद्यार्थ्यासाठी आहे, असे हार्डीने प्रस्तावनेतच सूचित केले आहे. ज्या वर्गासाठी पुस्तक लिहिले गेले तो वर्ग व आपला वर्ग यांतील अंतर ध्यानात न घेता ते नेमले जाते, तेव्हा दोष पुस्तकाकडे जात नाही, नेमणाऱ्याकडे जातो.

३. स्वातंत्र्योत्तर काळात महाविद्यालये लहान गावांपर्यंत पोहोचली. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. कराडला सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय १९५४ मध्ये निघाले. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये अस्तित्वात येऊन कोल्हापूर, सांगली व सातारा हे जिल्हे त्याच्या कक्षेत आले. याच दशकांत पाठ्यग्रंथांचे स्वरूपही पालटले. भारतात शांतिनारायण यांचे पुस्तक परीक्षेच्या दृष्टीने उपयुक्त म्हणून सर्वत्र वापरले गेले. अमेरिकेत वॉल्टर रुडिनचा ग्रंथ १९५३ मध्ये आला. त्याच्या पहिल्या आवृत्तीचा आरंभ डेडेकिंडच्या छेदांनी होत असे. अशा रचनेने आरंभ करणे अध्यापनास अनुकूल नाही हे अनुभवास आल्यावर, १९७६ च्या तिसऱ्या आवृत्तीत रुडिनने ती परिशिष्टात नेली. पुस्तकाच्या कर्त्यालाच आरंभबिंदू बदलावा लागला, ही गोष्ट अभ्यासक्रम ठरविणाऱ्यांनी विसरू नये.

रिचर्ड गोल्डबर्गचे 'मेथड्स ऑफ रिअल अ‍ॅनालिसिस' १९६४ साली प्रसिद्ध झाले. शिवाजी विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमात ते नेमले गेले आणि या भागातील शिक्षकांना परिचित झाले. त्याचा क्रम असा आहे : प्रथम संच व फलने, नंतर वास्तव संख्यांच्या क्रमिका, मग श्रेढी, आणि त्यानंतर मेट्रिक अवकाश, म्हणजे ज्यात कोणत्याही दोन बिंदूंमधील अंतर मोजता येते असा संच. रुडिनमध्ये मेट्रिक अवकाश व संहत संच क्रमिकांच्या आधी येतात. गोल्डबर्गमध्ये सीमेची व्याख्या प्रथम क्रमिकेसाठी, मग फलनासाठी, मग मेट्रिक अवकाशासाठी अशी पुन:पुन्हा भेटते. हुशार विद्यार्थ्यास ही पुनरुक्ती वाटेल. परंतु परक्या भाषेत सिद्धता शिकणाऱ्यास एकच वाक्यरचना तीन वेळा भेटणे हे मोठे साहाय्य आहे.

४. येथे मूळ मुद्दा येतो. विश्लेषणातील अडचण बहुधा आकडेमोडीची नसते; ती वाक्याची असते. 'प्रत्येक गावाला एक नदी आहे' आणि 'अशी एक नदी आहे की जी प्रत्येक गावाला आहे' ही दोन विधाने घ्या. पहिले खरे असताना दुसरे खोटे असू शकते : काही गावे कृष्णेच्या काठी असतील, काही कोयनेच्या. सांतत्य आणि एकसमान सांतत्य यांत भेद आहे तो हाच. पहिल्यात प्रत्येक बिंदूस त्याचा स्वतंत्र डेल्टा मिळाला तरी चालते. दुसऱ्यात दिलेल्या एप्सिलॉनसाठी एकच डेल्टा सर्व बिंदूंना पुरावा लागतो. 'प्रत्येक' आणि 'असा एक' यांचा क्रम पालटला की सिद्धांत पालटतो. खुद्द कोशीने १८२१ मध्ये संतत फलनांच्या अभिसारी श्रेढीची बेरीज संततच असते असे विधान केले. आबेलने १८२६ मध्ये त्यास अपवाद दाखविला. आणि स्टोक्स व सायडेल यांनी १८४७ च्या सुमारास एकसमान अभिसरणाकडे जाणारी वाट उघडली. जो भेद उमगावयास यूरोपातील श्रेष्ठ गणित्यांना पाव शतक लागले, तो विद्यार्थ्यास एका तासात उमगावा ही अपेक्षा अवाजवी आहे.

इंग्रजीत 'प्रत्येकासाठी' या अर्थाचे पद वाक्याच्या अखेरीस जाऊन बसू शकते आणि क्रम झाकला जातो. मराठीत संदिग्धता मुळीच नाही असे नाही. पण 'प्रत्येक अमुकासाठी असा एक तमुक असतो की' ही रचना क्रम उघडा ठेवते. या बाबतीत मातृभाषा अडथळा नसून साधन आहे. उलट काही ठिकाणी ती फसवते. शेताची वा गावाची 'सीमा' ही ओलांडू नये अशी रेषा. त्यामुळे क्रमिका आपल्या सीमेला कधीच पोहोचत नाही व तिला ओलांडत नाही, असे विद्यार्थी गृहीत धरतो. १, उणे १/२, १/३, उणे १/४ ही क्रमिका शून्याच्या दोन्ही बाजूंस जाते आणि तिची सीमा शून्यच आहे. अचल क्रमिका तर पहिल्याच पदात सीमेवर असते. त्यातच 'ऊर्ध्वसीमा' या वेगळ्या कल्पनेतही तोच शब्द येतो. वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा परिभाषासंग्रह १९७३ मध्ये निघाला. प्रतिशब्दांची उणीव तेव्हाच बरीच भरून निघाली. उणीव आहे ती या प्रतिशब्दांनी वाक्ये रचून दाखविणाऱ्या पानांची.

५. आज पर्याय वाढले आहेत. बार्टल व शेर्बर्ट यांचे पुस्तक (१९८२) मेट्रिक अवकाश अखेरीस ठेवते. मुंबईच्या आय.आय.टी.तील घोरपडे व लिमये यांचा ग्रंथ (२००६) कलन व विश्लेषण यांची सांगड घालतो. अजित कुमार व कुमारेसन यांचे पुस्तक (२०१४) सिद्धता कशी सुचते याकडे लक्ष देते. निवडीची कसोटी मात्र एकच असावी : पुस्तकात किती प्रकरणे आहेत ही नव्हे, तर 'प्रत्येक' आणि 'असा एक' यांचा क्रम ते विद्यार्थ्याकडून किती वेळा, किती सोप्या उदाहरणांवर गिरवून घेते ही. या कसोटीवर आपल्या भागात पहिले पुस्तक म्हणून क्रमिकेपासून आरंभ करणारा गोल्डबर्ग किंवा बार्टल-शेर्बर्ट योग्य ठरतो. रुडिन दुसऱ्या वाचनासाठी ठेवावा, आणि हार्डी ग्रंथालयात हाताशी असावा. त्याच्या जोडीस प्रत्येक व्याख्येचे मराठी वाक्य व त्या वाक्याचा नकार विद्यार्थ्याने स्वतः लिहावा, असा नेम विभागाने घालून द्यावा. व्याख्येचा नकार ज्यास बिनचूक लिहिता येतो, त्यास ती व्याख्या समजली असे मानावयास प्रत्यवाय नाही.